समुद्राकडची बाजू

आमच्या समुद्राचे सगळे निर्णय कर्वेनगरात होतात. ऐकायला वेडगळ वाटेल, पण खरं आहे. दापोलीच्या खाली उंबरवेळ नावाचं गाव आहे. तिथे वाळूला लागून आमचे प्लॉट आहेत, आणि प्लॉटवाले सगळे पुण्यातले म्हणून प्लॉटधारकांचं मंडळही पुण्यात. गावातल्या एकाही माणसाला त्यात जागा नाही. विहिरीवर पंप कुठला बसवायचा, आतल्या रस्त्याला नाव काय द्यायचं, कचरा कुठे जाळायचा, हे सगळं कर्वेनगरातल्या एका कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये ठरतं. पंख्याखाली बसून, बटाटेवडा खात. वाऱ्यावर चर्चा करणाऱ्या या मंडळींनी वारा खाल्लेला असतो तो फक्त सुट्टीतला.

एप्रिलच्या शेवटी मंडळाच्या ग्रुपवर सभेची सूचना आली. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय दुसरा, समुद्राकडील गचपण समूळ काढून टाकण्यास मंजुरी देणे.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. हेमा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होती. तिने हात थांबवला नाही.

"गचपण म्हणजे आपलं कुंपण?"

"दुसरं काय आहे तिथे?"

"समूळ असंच लिहिलंय?"

"समूळ."

"ओगले सरांनी लिहिलं असणार."

"अध्यक्षांशिवाय कोण लिहील समूळ?"

"मग बोलावं लागेल," ती म्हणाली आणि नारळाची दुसरी वाटी खवायला घेतली.

मी मात्र तोवर उठून येरझाऱ्या घालायला लागलो होतो. मला राग लवकर येतो. मी, बद्रीनाथ ढमढेरे, एसटीत ड्रायव्हर होतो, आणि जन्मभर मी रस्त्यावर राग गिळलाय. गाडी चालवताना भांडता येत नाही, मागे माणसं बसलेली असतात. निवृत्त झाल्यापासून तो साठलेला राग बाहेर पडतोय, आणि मला त्याची काही लाज वाटत नाही.

भांडण कशावरून ते नीट सांगतो. आमच्या प्लॉटांच्या आणि वाळूच्या मधे एक पट्टा आहे, सगळ्यांच्या सामाईक मालकीचा. त्या पट्ट्यावर पुढे वाळूत मर्यादवेल पसरलेला आहे, जाड गोल पानांचा, जांभळ्या फुलांचा. त्याच्या मागे केवडा, करवतीसारख्या पानांचा, आत हात घालायची हिंमत होणार नाही असा. मग निगडी, म्हणजे निर्गुडीचं झुडूप. तिच्या मागे उंडी आणि रानभेंडीची झाडं, वाऱ्याने एका बाजूला कललेली. पुढचं बुटकं, मागचं उंच. समुद्राचा वारा येतो तो या उतारावरनं वर चढतो आणि आमच्या डोक्यावरून निघून जातो. सोबत आणलेलं मीठ झाडीतच ठेवून जातो. हे सगळं कोणी इंजिनिअरने आखलेलं नाही. ते तिथे होतंच. आमचं काम एवढंच होतं की त्याला हात लावायचा नाही.

हे मला ठाऊक नव्हतं. मी बिबवेवाडीचा, माझा समुद्राशी संबंध वस्तीच्या गाडीपुरता. संध्याकाळी गाडी उंबरवेळला पोचायची, मुक्काम तिथेच, सकाळी परत पुणे. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण हेमाच्या वडिलांच्या घरी. मासे तिच्या आईच्या हातचे आणि बोलणी तिच्या तोंडची. "एवढा मोठा माणूस, माशाचा काटा काढता येत नाही," असं तिने मला पहिल्या भेटीत ऐकवलं होतं. तिथेच माझं लग्न ठरलं, घरच्यांना ते पुष्कळ नंतर कळलं.

तिच्या वडिलांची माडाची वाडी होती. वाडीत काय वाटेल ते करा, पण समुद्राकडच्या बाजूला कोयता लावायचा नाही, हा त्या गावातल्या प्रत्येक घराचा नियम होता. चुलीला लाकूड कमी पडलं तरी त्या बाजूची वाळलेली फांदीसुद्धा आणायची नाही. म्हाताऱ्याने आम्हाला जमिनीचा तुकडा दिला तेव्हा एवढंच सांगितलं होतं. पुढे आजूबाजूच्या जमिनी विकल्या गेल्या, त्यांचे प्लॉट पडले, पुण्याचे लोक आले. आमचाही तुकडा त्या नकाशात गेला आणि आम्ही आपोआप मंडळाचे सभासद झालो. आमच्याच गावात आम्ही सभासद.

हेमाने तिथे जी बाग केली आहे ती बाग आहे हे पुष्कळांना कळतच नाही. मंडळाच्या एका सहलीत एका बाईंनी मला विचारलं होतं, "तुम्ही अजून काही केलं नाही का प्लॉटवर?" मी त्यांना म्हणालो, "केलंय, तुम्ही त्याच्यात उभ्या आहात." हेमा पाला जाळत नाही, माडाच्या आळ्यात भरते. झावळ्यांचा ढीग एका कोपऱ्यात तसाच ठेवते, त्यात मुंगसाचं बिऱ्हाड आहे. मोरीचं पाणी केळीला जातं. फवारणीचा पंप तिने घरात येऊ दिला नाही. पपई पिकली की वरची पक्ष्यांना, खालची आम्हाला. कढीलिंबावर अळ्या आल्या तर ती म्हणते, "खाऊ दे, फुलपाखरं काय हवेवर होतात?" निगडीत शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो. भारद्वाज केवड्याखालून चालत येतो, आपल्या बापाची जागा असल्यासारखा. पावसाच्या तोंडावर काजवे येतात, आणि ते फक्त आमच्याकडे येतात, कारण बाकीच्यांकडे दिवे आहेत.

कारण बाकीच्यांनी काय केलं? पुण्यात बंगल्यापुढे जे करता आलं नाही ते सगळं तिथे केलं. वाघोलीकडच्या एका नर्सरीतून हिरवळीच्या गुंडाळ्या टेम्पोत घातल्या आणि घाट उतरवून समुद्रावर नेल्या. सतरंजीसारख्या. वाळूवर लाल माती टाकली, तिच्यावर ही सतरंजी अंथरली, कडेने गुलाब लावले. समुद्रावर गुलाब. मी हसलो तर हेमा म्हणाली, "हसू नका. हौस आहे त्यांची." पण तिला वाईट वाटलं होतं. झाडाचं वाईट वाटतं तिला, माणसाचं नंतर.

यातला सगळ्यात हौशी म्हणजे सलिल देवस्थळी. आयटीत आहे, चाळिशीचा, तोंडाने गोड. दिवाळीनंतर त्याने कोणाला न विचारता आपल्या प्लॉटसमोरची झाडी माणसं लावून तोडून टाकली. ग्रुपवर फोटो टाकला, मोकळा समुद्र, खुर्ची, शहाळं. खाली लिहिलं, 'व्ह्यू ओपन केला.' सगळ्यांनी अंगठे दिले. आता तेच सगळ्यांना हवं होतं. झाडी सबंध पट्ट्यावरून जाणार, सगळ्यांना खुर्चीतून समुद्र दिसणार. हेमाची बाग मात्र उरणार नव्हती. आणि तिच्यातलं कोणीच.

सभेच्या आधी आम्ही उंबरवेळला जाऊन आलो. सलिलच्या प्लॉटवर कोणी नव्हतं. हिरवळीची सतरंजी पिवळी पडून चुरचुर करत होती. गुलाबांच्या काड्या राहिल्या होत्या. हापूसचं कलम समुद्राच्या बाजूने करपलं होतं, मागच्या बाजूने हिरवं, अर्धी दाढी केल्यासारखं. गावातल्या माणसाने सांगितलं, साहेबांना वाळवी वाटली, म्हणून पुण्याहून औषध मारणारे आणले होते. औषध मारल्यापासून तिथे मधमाशीही फिरकली नाही. तरी कलम करपतच राहिलं.

हेमाने त्याच्या कुंपणाच्या बाहेर आलेल्या जास्वंदीचं एक पान तोडलं आणि जिभेला लावलं. मग मला दिलं.

"चाटा."

"मी?"

"मग काय वाळवी चाटणार?"

चाटलं. खारट. शेंगदाण्याच्या पुडीच्या तळाशी राहतं तितकं. मग ती मला आमच्या प्लॉटवर घेऊन आली आणि आमच्या जास्वंदीचं पान दिलं. त्याला पानाची चव होती. तिने दोन स्टीलचे डबे आणले होते. एकात त्याची पानं भरली, एकात आमची.

"सभेत हे चाटायला देणार?" मी विचारलं.

"हो."

"हेमा, ते कर्वेनगरचे लोक आहेत. वडा सुद्धा चमच्याने खातात."

"बघू."

"आणि नाही चाटलं तर?"

"नाही चाटलं तर झाडी जाईल," ती म्हणाली.  परतीच्या गाडीत डबे घाट संपेपर्यंत तिच्या मांडीवर होते. मला एकच ताकीद मिळाली, की सभेत मी तोंड उघडायचं नाही.

हॉल भरला होता. मंडळाचे अध्यक्ष ओगले सर, बाळ ओगले, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. सडपातळ, स्वच्छ, इस्त्रीचा शर्ट. माणूस नियमाला पक्का, आपल्या बापालाही इतिवृत्तात नाव घातल्याशिवाय बोलू देणार नाही. त्यांच्या शेजारी त्यांच्या मिसेस, पहिल्या रांगेत सलिल, आणि त्याची बायको अपूर्वा मागे खिडकीजवळ, पायाशी मोठी पिशवी घेऊन.

सलिलने पडद्यावर चित्रं दाखवली. आधीचं, नंतरचं. "म्हणजे बघा, हा आपला युनिक सेलिंग पॉइंट आहे. लोक समुद्र बघायला येतात, झुडपं बघायला नाही. आणि सेफ्टीचा इश्यू आहे. अपूर्वाला साप दिसला."

"केवढा?" मागून कोणीतरी विचारलं.

अपूर्वाने दोन्ही हात पसरले.

"दर वेळी वाढतो तो," मागचाच आवाज. हशा झाला.

"हसण्यासारखं नाहीये हां," अपूर्वा म्हणाली. "मी दोन दिवस बाथरूमला एकटी गेले नाही."

"सलिल, मुद्दा पुढे न्या, चित्रं पुरे," ओगले सर म्हणाले.

"मुद्दा एवढाच, सर. माझ्याकडे लॉन थोडं सफर झालंय, पण ते टर्माइट्समुळे. ट्रीटमेंट चालू आहे. ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी करावा, पण प्लीज, इमोशनल आर्ग्युमेंट्स नकोत. पक्षी, फुलपाखरं वगैरे. मलाही आवडतात. पण आपण प्लॉट पक्ष्यांसाठी घेतलेले नाहीत."

मी उठलो. ताकीद ताकदीच्या बाहेर गेली होती. "तुम्ही ज्याच्यावर उभे आहात ना," मी सुरुवात केली, आणि हेमाने माझा शर्ट मागून ओढला. मी बसलो. सबंध हॉलने ते पाहिलं.

"ढमढेरे, आपल्याला बोलायचं होतं?" ओगले सर.

"मला बोलायचं आहे," हेमा म्हणाली आणि उभी राहिली.

तिच्याविषयी एक सांगायला हवं. ती भाषण करत नाही. तिने पोस्टात काउंटरवर नोकरी केली, समोरच्या माणसाला त्याचं काम तीन वाक्यांत समजावून सांगायची तिला सवय. ती पुढे गेली, दोन्ही डबे टेबलावर ठेवले.

"पक्ष्यांचं मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "देवस्थळींना वाळवी वाटते. वाळवी खालून खाते. त्यांचं कलम गेलंय ते फक्त समुद्राच्या बाजूने. वाळवीला दिशा कळत नाही. हे मीठ आहे. झाडी होती तोवर ते झाडीवर बसत होतं, आता तुमच्या कलमावर बसतं. सगळी झाडी काढलीत तर सगळ्यांच्या झाडांवर बसेल. या एका डब्यात त्यांच्या जास्वंदीची पानं आहेत, एकात आमच्या. चाटून बघा."

 हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. एक गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाले, "पानं चाटायची?" जसं काही तिने त्यांना गोठ्यात जाऊन उभं राहायला सांगितलं होतं.

"वहिनी, हे जरा..." कोणीतरी म्हणालं.

"अनहायजीनिक आहे," दुसरं कोणीतरी.

कोणी पुढे येईना. हेमा टेबलाजवळ उभी होती, हात डब्यांवर.     ही बाई एकटी तिथे उभी आहे आणि हे सगळे शिकलेले लोक तोंडात पान घालायला घाबरतायत, याचा मला इतका राग आला की मी स्वतःच पुढे जाऊन अख्खा डबा चाटणार होतो.

तेवढ्यात ओगले सर चष्मा काढून म्हणाले, "ही पद्धत चुकीची आहे."

मला वाटलं, संपलं.

"कुठली पानं कोणाची हे आधीच सांगितल्यावर परीक्षेला अर्थ नाही," ते म्हणाले. "चाखणाऱ्याला ते ठाऊक नसलं पाहिजे. मी भिंतीकडे तोंड करतो. अगं, तू डबे हवे तसे बदल आणि एकेक पान माझ्या हातात दे."

मिसेस ओगले उठल्या. "तुमचं मीठ डॉक्टरांनी बंद केलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच माझी जीभ भरवशाची आहे. दे."

अध्यक्ष भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हॉलमधले सगळे खुर्च्यांच्या कडेवर सरकले. पहिलं पान. त्यांनी जीभ लावली, थोडं थांबले. "अळणी." दुसरं. "अळणी." तिसरं हातात आलं. त्यांनी जीभ लावली आणि लगेच मागे घेतली. "हे खारट. भरपूर." चौथं, पुन्हा खारट. मिसेस ओगल्यांनी मुद्दाम एक अळणी पान दोनदा दिलं, तेही त्यांनी पकडलं. "हे मघाचंच आहे, ओलं लागलंय. फसवू नकोस."

डबे कुठले होते ते बघितलं. एकही चूक नाही.

आता मग झुंबड उडाली. अनहायजीनिक म्हणणारे गृहस्थ तीन पानं चाटून गेले. बायका एकमेकींना पानं देत होत्या. "अगं, खरंच की." "मला नाही लागत." "तुम्हाला कशातच काही लागत नाही." एक जण तर पान घेऊन वड्याबरोबर खायला लागला.

सलिल जागेवरून उठला नव्हता. "एक मिनिट," तो म्हणाला. "मी आरोप करत नाहीये. पण मीठ वरून लावता येतं. म्हणजे, थिओरेटिकली. डबा काकूंच्या घरातून आलाय."

 मी पुन्हा उठलो, आणि या वेळी शर्ट ओढायला मागे कोणी नव्हतं.

"बसा हो," हेमा पुढून म्हणाली. माझ्याकडे न बघता. मग सलिलला म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. शंका घ्यायलाच हवी. तुमच्या प्लॉटवरचं, तुमच्या हाताने आणलेलं असं काही आहे का?"

"इथे? आत्ता? कसं असणार?"

खिडकीपासून आवाज आला. "कढीपत्ता आहे."

अपूर्वा उभी राहिली होती. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून तिने कढीलिंबाची मोठी जुडी काढली. "आईकडे द्यायचा होता. ती इथेच राहते, मागच्या गल्लीत. काल आलो आम्ही, निघताना तोडला." तिने एक पान तोडलं आणि, बाकी कोणी काही म्हणायच्या आत, स्वतःच्या तोंडात टाकलं. चावलं. मग तिने सलिलकडे बघितलं. असं बघितलं की मला त्या माणसाची दया आली असती, माझा स्वभाव तसा असता तर.

"सलिल," ती म्हणाली, "आमटी."

"काय आमटी?"

"तू रोज म्हणायचास आमटी खारट. दिवाळीनंतर. मी मीठ कमी केलं. मग मीठच टाकणं बंद केलं. तरी तू म्हणायचास."

"अगं पण तू कढीपत्ता धुवत नाहीस?" मिसेस ओगल्यांनी विचारलं.

"कशाला धुवू? आपल्या घरचा ऑरगॅनिक ना," अपूर्वा म्हणाली. "मुठीने घालायचे मी."

हॉल हशाने फुटला. खुर्च्या वाजल्या, कोणाच्या तरी हातून चहा सांडला. ओगले सरांनी टेबलावर टकटक केली, पण त्यांचंही तोंड पालथ्या हाताआड होतं. सलिलही शेवटी हसला, त्याला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

अपूर्वा हसत नव्हती. "आधी आम्ही मावशींना काढलं," ती म्हणाली. "स्वयंपाकाच्या. याला वाटलं, त्यांचा हात खारट आहे. मग मी स्वतः करायला लागले."

हे ऐकूनही हसणारे काही जण होते. एका बाईचं काम गेलं होतं, आणि इकडे लोक डोळे पुसत होते हसून. मला तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकवावंसं वाटलं. पण हेमा माझ्या आधी बोलली.

"त्यांना परत बोलवा आधी," ती अपूर्वाला म्हणाली. "झाडीचं नंतर बघू."

"हो," अपूर्वा म्हणाली. "आजच फोन करते."

 ओगले सरांनी चष्मा लावला आणि विषय मताला टाकला. झाडी काढण्याच्या बाजूने चार-पाच हात वर आले, समुद्राकडे तोंड करून कॉफी प्यायची ज्यांची फार इच्छा होती त्यांचे. सलिलचा हात त्यांत नव्हता. मग झाडी ठेवण्याच्या बाजूने हात वर करायला सांगितलं आणि मला पुढच्या भिंतीवरचं घड्याळ दिसेना, इतके हात. मी माझे दोन्ही वर केले. ओगले सर म्हणाले, "ढमढेरे, एक."

"देवस्थळींच्या समोरचं खिंडार?" कोणीतरी विचारलं.

"ज्याने तोडलं त्याने लावायचं," हेमा म्हणाली. "पाऊस सुरू झाला की निगडीच्या फांद्या मी आमच्याकडून देईन, त्या नुसत्या खोचल्या तरी लागतात. केवड्याचे फुटवे गावातून मागू. पुढे वाळूत मर्यादवेलाचे तुकडे टाकायचे. आणि औषध मारणाऱ्यांना आता बोलावू नका."

"काकू, किती वर्षं लागतील?" सलिलने विचारलं. या वेळी गोड बोलत नव्हता, खरंच विचारत होता.

"निगडी लवकर येते. केवडा त्याच्या मनाने येईल."

"आणि तोवर?"

"तोवर व्ह्यू आहेच की तुम्हाला."

अपूर्वाने हात वर केला, शाळेत करतात तसा. "आणि साप?"

"धामण आहे ती. ती राहणार," हेमा म्हणाली. तिने उगाच धीर दिला नाही. "ती आहे म्हणून तुमच्या माळ्यावर उंदीर नाहीत. घराभोवती चार हात जागा झाडून स्वच्छ ठेवा, तिला उघड्यावर यायला आवडत नाही. अंधारात बॅटरी घेऊन चाला. मीही तसंच करते. मला काय साप आवडतो असं वाटलं तुम्हाला?"

"नाही आवडत?"

"अंगावर काटा येतो. पण जागा तिची पण आहे."

ओगले सर लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सूचक कोण लिहू? ढमढेरे?"

"हेमा ढमढेरे," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

"ते मला कळतं, ढमढेरे," सर म्हणाले. "सूचना मांडताना आपण खाली बसलेले होतात."

हॉलमधनं खाली येईपर्यंत लोक तिला थांबवत होते. कोणाला उंडीचं रोप हवं होतं, कोणी विचारत होतं की आता हिरवळीच्या सतरंजीचं काय करू. "काढा आणि आळ्यात घाला, कुजेल छान," ती सांगत होती. तिशीतली एक मुलगी वहीशिवाय, नुसती ऐकत तिच्या मागे मागे जिन्यावरून उतरली. मी दोन पायऱ्या मागे होतो. आयुष्यभर माझ्या मागे माणसं बसलेली, मी पुढे. आज उलट होतं, आणि मला ते इतकं आवडलं की पायऱ्या संपूच नयेत असं वाटलं.

मी पुष्कळ वर्षं पुष्कळ ठिकाणी ऐकलंय की अशी बाग म्हणजे हौस, रिकामपणचा उद्योग, कोकणातल्या बायकांची सवय. सवयच आहे. तिच्या बापाची, त्याच्या बापाची, त्या सबंध गावाची. ती सवय होती म्हणून तुम्हाला विकत घ्यायला तिथे जमीन उरली. नाहीतर वारा केव्हाच घेऊन गेला असता. आणि ती सवय तिने एका दुपारी कर्वेनगरच्या जिभेवर ठेवली. भांडली नाही, रडली नाही, पक्ष्यांसाठी हात जोडले नाहीत. शिंप्याचं घरटं, भारद्वाज, मुंगूस, ती धामण, सगळे तिथेच राहिले आणि त्यांतल्या एकाचंही नाव तिने मतदानाच्या आधी घेतलं नाही. मी असतो तर सगळ्यांची नावं घेऊन ओरडलो असतो आणि हरलो असतो.

बिबवेवाडीच्या बसमध्ये आम्हाला जागा मिळाली. शेजारच्या सीटवर एक बाई होत्या, अनोळखी, पिशवीत भाजी घेऊन. मला राहवेना.

"ही माझी बायको," मी त्यांना म्हणालो. "आज हिने सबंध हॉलला पानं चाटायला लावली."

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हेमाकडे, आणि खिडकीकडे जरा सरकल्या.

"अहो, घाबरल्या त्या," हेमा हळूच म्हणाली.

"घाबरू देत."

"गप्प बसा आता घर येईपर्यंत."

"बसतो," मी म्हणालो. आणि पुढच्या सीटवरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.